लॅबव्ह्यूत वजनकाट्याचा डेटा: ओळ वाचण्यापासून फाइल बंद करण्यापर्यंत

रात्रभर चाललेल्या चाचणीची फाइल सकाळी उघडली, की मधल्या काही ओळींत वजन ०.००० दिसते. काट्यावर भांडे तसेच असते, कुणी हात लावलेला नसतो. हा शून्य काट्याने पाठवलेला नाही, प्रोग्रामने बनवलेला आहे. काट्याने पाठवलेली ओळ अर्धवट वाचली गेली, आकडा सापडला नाही आणि लॅबव्ह्यूने (उपकरणांशी बोलणारे प्रोग्राम चित्रे जोडून बनवण्याचे सॉफ्टवेअर) ठरल्याप्रमाणे डिफॉल्ट किंमत, म्हणजे शून्य, पुढे दिली. एरर आली असती तर निदान कळले असते. शून्य गुपचूप सरासरीत मिसळतो.

चूक जवळजवळ नेहमी एकाच जागी असते: ओळ वाचणे, तिच्यातून आकडा काढणे आणि तो साठवणे ही तीन कामे एकाच व्हाइल लूपमध्ये (थांबवेपर्यंत पुन्हा पुन्हा फिरणारा प्रोग्रामचा भाग) एकमेकांत गुंतवलेली असतात. ती सुटी करून कशी जोडायची, ते इथे एका ठरावीक उदाहरणावर दिले आहे. आरएस-२३२ पोर्टवरचा (जुन्या पद्धतीचा सिरियल पोर्ट), एसआयसीएस आज्ञा (मेटलर टोलेडोची ठरावीक आज्ञांची यादी) समजणारा मेटलर टोलेडोचा काटा घेतला आहे. मल्टिमीटर किंवा तापमान नियंत्रक असेल तर आज्ञा बदलतील, क्रम हाच राहील.

आज्ञा आणि फॉरमॅट-कोड इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिले आहेत. टाइप करताना ती रोमन अक्षरे समजा, आणि एसआयसीएसच्या आज्ञा कॅपिटल अक्षरांतच पाठवा.

## तयारी: लॅबव्ह्यू उघडण्याआधी

काट्याच्या मेनूत जाऊन बॉड रेट, डेटा बिट, पॅरिटी, स्टॉप बिट आणि हँडशेक (‘थांब-पाठव’ची खूण; लॅबव्ह्यूत हिलाच फ्लो कंट्रोल म्हणतात) या पाच गोष्टी पाहून कागदावर लिहा. मॅन्युअलमध्ये फॅक्टरी सेटिंग असते. प्रत्यक्ष काट्यात आधीच्या माणसाने काय ठेवले आहे ते मेनूच सांगतो. पोर्ट ‘प्रिंटर’साठी ठेवलेला असेल तर ‘होस्ट’ करा. नाहीतर कुणी प्रिंटचे बटण दाबले, की न मागितलेली ओळ तुमच्या उत्तरांच्या मध्ये घुसेल.

संगणकावर एनआय-व्हिसा (लॅबव्ह्यूला पोर्टशी बोलू देणारे ड्रायव्हर सॉफ्टवेअर) बसवलेले हवे. ते लॅबव्ह्यूसोबत आपोआप आलेच असेल असे धरू नका. एक्झिक्युटेबल बनवून दुसऱ्या संगणकावर नेणार असाल, तर तिथेही व्हिसाचा रनटाइम लागतो.

केबलबद्दल शंका असेल तर काटा जोडण्याआधी लूपबॅक करा. नऊ पिनांच्या कनेक्टरवरची २ आणि ३ नंबरची पिन तारेने जोडा, हँडशेक बंद ठेवा आणि काहीही पाठवा. तेच परत आले तर पोर्ट आणि यूएसबी अडॅप्टर ठीक आहेत. तरीही काटा बोलत नसेल तर सरळ केबलऐवजी नल-मोडेम केबल लावून पाहा, किंवा उलट.

तपासा: एनआय मॅक्समध्ये (जोडलेली उपकरणे दाखवणारे एनआयचे सॉफ्टवेअर) पोर्ट दिसतो का? तिथल्या व्हिसा टेस्ट पॅनेलमधून ‘एसआय’ ही आज्ञा आणि तिच्यामागे ‘\आर\एन’ (ओळ संपल्याची खूण: सीआर आणि एलएफ ही न दिसणारी अक्षरे) पाठवा. उत्तरात वजनाची ओळ आली पाहिजे. ती येत नाही तोवर ब्लॉक डायग्रामला (प्रोग्रामचे चित्र जिथे जोडतात ती खिडकी) हात लावू नका.

सावधान: टेस्ट पॅनेल उघडे ठेवून व्हीआय (लॅबव्ह्यूतला प्रोग्राम) चालवले तर −१०७३८०७२४६ ही एरर येते. पोर्ट दुसऱ्या कुणीतरी धरून ठेवला आहे, एवढाच तिचा अर्थ. पुटी (पोर्टशी बोलणारे टर्मिनल सॉफ्टवेअर) किंवा काट्याचे स्वतःचे सॉफ्टवेअर चालू असले तरी हीच येईल.

## १. पोर्ट एकदाच उघडा

‘व्हिसा कॉन्फिगर सिरियल पोर्ट’ व्हाइल लूपच्या बाहेर, डाव्या बाजूला ठेवा. लूपच्या आत ठेवले तर प्रत्येक फेरीत पोर्ट नव्याने जुळवला जातो आणि बफरमध्ये (आलेला मजकूर तात्पुरता साठवायची जागा) येऊन थांबलेला मजकूर हरवू शकतो.

या नोडची (डायग्रामवरच्या चौकोनाची) डिफॉल्ट सेटिंग अशी: ९६०० बॉड, ८ डेटा बिट, पॅरिटी नाही, १ स्टॉप बिट, फ्लो कंट्रोल नाही, टाइमआउट १०,००० मिलिसेकंद, टर्मिनेशन कॅरेक्टर (जे दिसताच वाचन थांबते ते अक्षर) चालू आणि त्याची किंमत १०, म्हणजे लाइन फीड. काट्याच्या ओळीचा शेवट सीआर आणि एलएफ या जोडीने होतो, म्हणून १० ठीक आहे. फसगत होते ती फ्लो कंट्रोलमध्ये. काट्यात एक्सऑन/एक्सऑफ असेल तर इथेही तेच निवडा. सारे काही ‘जवळपास’ चालते आणि मधूनच थांबते, तेव्हा पहिला संशय इथे घ्यावा.

कॉम ३, कॉम ७ असे पोर्टचे नंबर डायग्रामवर कोरू नका. सिरियल नंबर नसलेले स्वस्त अडॅप्टर दुसऱ्या यूएसबी खाचेत लावले की विंडोज नवा कॉम नंबर देते. मॅक्समध्ये पोर्टला ‘काटा’ अशा अर्थाचे रोमन अक्षरांतले टोपणनाव द्या आणि व्हीआयमध्ये तेच वापरा. खाच बदलली तर मॅक्समध्ये एकदाच दुरुस्ती करावी लागेल.

पोर्ट उघडल्यावर लगेच ‘व्हिसा फ्लश’ने वाचण्याचा बफर रिकामा करा. आधीच्या वेळची शिळी ओळ उरलेली असेल, तर पहिल्या प्रश्नाला कालचे उत्तर मिळेल आणि पुढची सगळी उत्तरे एकेक घर मागे सरकतील.

## २. पूर्ण ओळ वाचा, मिळतील तेवढे बाइट नव्हे

सगळ्यात जास्त डेटा इथे बिघडतो, म्हणून जरा थांबून पाहू.

इंटरनेटवरच्या बहुतेक उदाहरणांत ‘व्हिसा राइट’, मग थोडी वाट, मग ‘बाइट्स ॲट पोर्ट’ आणि तेवढेच बाइट ‘व्हिसा रीड’ला, अशी मांडणी असते. ती का बिघडते? काट्याची स्थिर वजनाची ओळ अशी असते:

एस एस     १००.०० जी

पहिला ‘एस’ म्हणजे आज्ञेचे उत्तर, दुसरा म्हणजे वजन स्थिर आहे. मग एक मोकळी जागा, मग दहा अक्षरांच्या घरात उजवीकडे सरकवलेला आकडा, पुन्हा मोकळी जागा, एकक, आणि न दिसणारे सीआर-एलएफ. एकूण १८ अक्षरे. ९६०० बॉडला एक अक्षर १० बिटांचे, म्हणजे सुमारे १.०४ मिलिसेकंदांचे, पूर्ण ओळ यायला जवळजवळ १९ मिलिसेकंद लागतात.

ओळ सुरू झाल्यापासून १० मिलिसेकंदांनी तुम्ही ‘किती बाइट आले?’ असे विचारलेत तर उत्तर येईल ९. ती नऊ अक्षरे अशी: ‘एस एस’, मोकळ्या जागा आणि ‘१’. स्कॅन करणारा नोड यातून निमूटपणे १ ग्रॅम काढतो. पुढच्या वाचनाची सुरुवात ‘००.०० जी’ने होते आणि त्यातून निघतो शून्य. काट्यावर १०० ग्रॅम आहेत, फाइलीत आधी १ आणि मग ०. एररची बत्ती एकदाही लागत नाही.

यावर वाट पाहण्याचा वेळ वाढवणे हा उपाय नव्हे, कारण काटा कधी उशिरा उत्तर देईल ते तुमच्या हातात नसते. यूएसबी अडॅप्टरही आपली भर घालतो. एफटीडीआय कंपनीची चिप असलेल्या अडॅप्टरचा लेटन्सी टायमर (आलेले बाइट पुढे पाठवण्याआधी थांबण्याचा वेळ) मुळात १६ मिलिसेकंदांवर असतो. ‘बाइट्स ॲट पोर्ट’ काढून टाका. ‘व्हिसा रीड’च्या बाइट काउंटला ओळीपेक्षा भरपूर मोठा आकडा द्या, समजा २००. टर्मिनेशन कॅरेक्टर चालू असल्यामुळे एलएफ दिसताच रीड आपोआप थांबतो, २०० पूर्ण होण्याची वाट पाहत नाही.

सावधान: ‘\आर\एन’ हे स्ट्रिंग कॉन्स्टंटमध्ये लिहिताना त्यावर राइट-क्लिक करून ‘\ कोड्स डिस्प्ले’ आधी निवडा. साध्या डिस्प्लेत तेच टाइप केले तर उलटी रेघ आणि अक्षर अशी खरीखुरी चार अक्षरे काट्याकडे जातात. काटा आज्ञा संपण्याची वाट पाहत बसतो आणि दहा सेकंदांनी तुम्हाला −१०७३८०७३३९, म्हणजे टाइमआउट, मिळतो.

टाइमआउट आज्ञेप्रमाणे ठरवा. ‘एसआय’ला काटा असेल ते वजन लगेच देतो, २००० मिलिसेकंद पुरतात. नुसत्या ‘एस’ला तो वजन स्थिर होईपर्यंत थांबतो. तिथे व्हिसाचा टाइमआउट काट्याच्या थांबण्यापेक्षा मोठाच हवा, नाहीतर तुम्ही वैतागून निघून गेल्यावर उत्तर येते आणि पुढच्या प्रश्नाच्या गळ्यात पडते. टाइमआउट आलाच तर पुढची आज्ञा पाठवण्यापूर्वी बफर पुन्हा फ्लश करा.

तपासा: वाचलेल्या ओळीची लांबी एका इंडिकेटरवर दाखवा. ग्रॅममधल्या वजनाला दर वेळी १८ आलेच पाहिजेत. कधी ९, कधी २७ दिसत असतील तर पुढच्या टप्प्यावर जाऊ नका.

## ३. आधी स्थिती पाहा, मग आकडा काढा

काटा दर वेळी वजनच पाठवतो असे नाही. तो ‘एस डी’ आणि वजन पाठवतो, म्हणजे वजन अजून हलते आहे. ‘एस आय’ म्हणजे आज्ञा आत्ता पाळता येत नाही. ‘एस +’ म्हणजे पल्ल्याच्या वर, ‘एस −’ म्हणजे पल्ल्याच्या खाली, बहुधा पॅन नीट बसलेले नसते. आज्ञाच समजली नाही तर नुसते ‘ईएस’ येते. यातल्या शेवटच्या चारांत आकडाच नसतो.

म्हणून ‘%एस %एस %एफ %एस’ असा एकच लांब फॉरमॅट देऊ नका. दोन पायऱ्या करा.

पहिल्या ‘स्कॅन फ्रॉम स्ट्रिंग’ला फक्त ‘%एस %एस’ द्या. त्याच्या ‘रिमेनिंग स्ट्रिंग’मधून उरलेला भाग मिळतो. दुसरा शब्द केस स्ट्रक्चरला जोडा. ‘एस’ आणि ‘डी’ या केसमध्येच दुसरा स्कॅन ठेवा, ‘%.;%एफ %एस’ असा. बाकीच्या केसमध्ये वजनाला नॅन (‘आकडा नाही’ अशी खास किंमत) द्या आणि स्थितीचा शब्द जसाच्या तसा पुढे पाठवा. डिफॉल्ट केस लिहायला विसरू नका. ‘ईएस’मध्ये दुसरा शब्दच नसतो, तो तिथे सापडेल.

‘%.;’ हा तुकडा बारीक दिसतो, पण सोडू नका. त्याने दशांशचिन्ह टिंबच धरले जाते. तो नसेल तर लॅबव्ह्यू विंडोजची सेटिंग पाळते. पुणे-चाकण पट्ट्यात जर्मन सेटिंगचा संगणक समोर आला, की तिथे दशांशचिन्ह स्वल्पविराम असतो आणि १००.२५ चे नुसते १०० होतात.

दुसऱ्या स्कॅनच्या आकड्याच्या डिफॉल्ट टर्मिनलला नॅन जोडा. स्कॅन फसला तर शून्याऐवजी नॅन बाहेर पडेल. या लेखातले एकच काम आज करायचे असेल तर हे करा. वायर एकच आहे.

सावधान: ‘फ्रॅक्ट/एक्स्प स्ट्रिंग टू नंबर’ हा नोड हाताशी असतो, म्हणून सगळे वापरतात. आकडा सापडला नाही तर तो एरर देत नाही, त्याला एरर टर्मिनलच नाही. ‘स्कॅन फ्रॉम स्ट्रिंग’ निदान एरर ८५ तरी देतो.

ही ८५ कुठे जोडायची, हाही नेहमीचा घोटाळा. ती व्हिसाच्या एरर वायरमध्ये मिसळली तर एक खराब ओळ आली की पुढचे सगळे रीड काम न करता नुसती एरर पुढे ढकलत राहतात. लूप फिरतो, फाइल वाढत नाही. पार्सिंगची (ओळीतून आकडा काढण्याची) एरर तिथेच थांबवा, स्थितीच्या रकान्यात ‘पार्स फेल’ अशा अर्थाचा रोमन शब्द लिहा आणि मोजणीत एक मिळवा. व्हिसाच्या वायरवर फक्त व्हिसाच्या एरर राहू द्या.

एककही तपासा. काट्यावरचे एककाचे बटण चुकून दाबले गेले तर ग्रॅमचे मिलिग्रॅम किंवा कॅरेट होतात आणि आकडा अगदी खरा वाटतो. अपेक्षित एकक नसेल तर नोंद करा, पण स्थितीत खूण घालून.

दुसऱ्या बनावटीचा काटा असेल तर चिन्ह आणि आकडा यांच्यामधल्या मोकळ्या जागा पाहा. सार्टोरियसच्या ओळीत ‘+’ आधी येतो, मग जागा, मग आकडा; तिथे थेट ‘%एफ’ अडखळतो. आधी सगळ्या मोकळ्या जागा काढून टाका, मग स्कॅन करा. त्याच ओळीत वजन अस्थिर असताना एकक छापलेच जात नाही. रिकामे एकक ही तिथे चूक नसते, तीच अस्थिरतेची खूण असते.

तपासा: पार्सिंगचा भाग वेगळे सबव्हीआय (दुसऱ्या व्हीआयमध्ये वापरता येणारे छोटे व्हीआय) करा आणि काटा न जोडता त्याला या ओळी द्या:

- स्थिर वजनाची सरळ ओळ
- ‘एस डी’ची ओळ
- ऋण वजन
- ‘एस आय’, ‘एस +’, ‘एस −’
- ‘००.०० जी’ हा तुटका तुकडा
- एकाला एक चिकटलेल्या दोन ओळी
- रिकामी स्ट्रिंग

पहिल्या तीनच ओळींतून आकडा निघाला पाहिजे. तुटक्या तुकड्यातून शून्य निघाला तर ‘पहिला शब्द एस आहे का’ ही तपासणी राहिली आहे. चिकटलेल्या ओळींतून आकडा निघाला तर लांबीची तपासणी राहिली आहे.

## ४. वेळ वाचनाला चिकटवा

‘गेट डेट/टाइम इन सेकंड्स’ हा नोड डायग्रामवर सुटा सोडला तर तो केव्हा चालेल याची हमी नसते, बहुधा फेरीच्या सुरुवातीलाच चालतो. लॅबव्ह्यूत क्रम वायर ठरवते, डावे-उजवे नव्हे. ‘व्हिसा रीड’ची एरर वायर एका फ्रेमच्या सीक्वेन्समध्ये आणा आणि वेळेचा नोड तिच्यात ठेवा, मग वेळ ओळ आल्यानंतरचीच मिळते. स्थिर वजनाला चार सेकंद लागले तर हा फरक चार सेकंदांचा असतो.

वेळ, कच्ची ओळ, वजन, एकक, स्थिती यांचे एक क्लस्टर (अनेक किमतींचा एक गठ्ठा) करा आणि ते टाइप डेफ (एकदा बदलले की सगळीकडे बदलणारी व्याख्या) म्हणून ठेवा. कच्ची ओळ टाकून देऊ नका. पार्सिंगमध्ये चूक निघाली तर तिच्यावरून सगळे पुन्हा काढता येते. ती नसेल तर चाचणीच पुन्हा करावी लागते.

## ५. फाइल: एकदा उघडा, ओळ-ओळ लिहा

‘राइट डिलिमिटेड स्प्रेडशीट’ हा नोड सोपा वाटतो, पण त्यात तीन सापळे आहेत. त्याचा फॉरमॅट न सांगता ‘%.३एफ’ असतो; ०.१ मिलिग्रॅमच्या काट्यावरचे १२.३४५७ फाइलीत १२.३४६ होतात. ‘अपेंड’ न सांगता बंद असते, म्हणून दर फेरीला मागचे पुसून एकच ओळ उरते. आणि तो प्रत्येक वेळी फाइल उघडतो आणि बंद करतो.

त्याऐवजी लूपच्या बाहेर ‘ओपन/क्रिएट/रिप्लेस फाइल’ने फाइल उघडा, लूपमध्ये ‘राइट टू टेक्स्ट फाइल’ला रेफनम (उघडलेल्या फाइलीची ओळखखूण) द्या, आणि शेवटी बाहेर ‘क्लोज फाइल’. जुन्या फाइलीला जोडायचे असेल तर उघडल्यावर ‘सेट फाइल पोझिशन’ने शेवटी जा, नाहीतर वरच्या ओळींवरच लिहिले जाईल. मिनिटाला एकदा ‘फ्लश फाइल’ करा. वीज गेली तर फार तर एका मिनिटाचा डेटा जातो.

वजन लिहिताना आकड्याचा पुन्हा मजकूर करू नका. काट्याने ‘१००.००’ पाठवले होते. ते आकड्यात जाऊन परत आले की ‘१००’ होऊ शकते आणि काटा दोन दशांशांपर्यंत मोजत होता ही माहिती जाते. ओळीतला वजनाचा तुकडा मजकूर म्हणूनच लिहा. आकडा आलेख आणि गणितासाठी ठेवा.

एक ओळ अशी दिसावी:

२०२५-०३-०७ १४:०५:०९.३१२,१००.००,जी,एस,"एस एस     १००.०० जी"

वेळेचा फॉरमॅट ‘%वाय-%एम-%डी %एच:%एम:%एस%३यू’. यातला महिन्याचा ‘एम’ स्मॉल, मिनिटांचा कॅपिटल. कच्च्या ओळीतले सीआर-एलएफ ‘ट्रिम व्हाइटस्पेस’ने काढूनच अवतरणात घाला. फाइलीच्या नावातही तारीख-वेळ घाला, पण तिथे विसर्गचिन्हासारखे दोन टिंब चालत नाहीत. विंडोज नकार देते.

फाइलीच्या डोक्यावर काट्याचा सिरियल नंबर लिहा. ‘आय४’ ही आज्ञा तो देते. सहा महिन्यांनी ‘हे वजन कोणत्या काट्यावर केले?’ असे ऑडिटर विचारतो, तेव्हा ही ओळ कामाला येते.

सावधान: रकान्यांची नावे, फोल्डर किंवा फाइलीचे नाव मराठीत देऊ नका. लॅबव्ह्यूची स्ट्रिंग विंडोजच्या जुन्या कोड पेजवर चालते आणि देवनागरीला तसे कोड पेजच नाही. मग ‘वजन’च्या जागी प्रश्नचिन्हे येतात आणि मराठी नावाच्या फोल्डरमधली फाइल सापडत नाही. आपल्याकडे डेस्कटॉपवर ‘नवीन चाचणी’ नावाचे फोल्डर असणे काही दुर्मीळ नाही.

फाइल प्रोग्राम फाइल्समध्ये ठेवलीत तर परवानगीची एरर ८ येते. फाइल आधीच एक्सेलमध्ये उघडी असेल तरी ८ किंवा ५. सी ड्राइव्हवर वेगळे साधे फोल्डर करा. एक्सेलमध्ये पाहायचीच असेल तर प्रत काढून पाहा आणि सेव्ह करू नका: मिलिसेकंद असलेली वेळ एक्सेल ‘०५:०९.३’ अशी दाखवते आणि सीएसव्ही सेव्ह केली की तेवढीच उरते, तारीख आणि तास गेले.

सेकंदाला एक नोंद, ओळ साधारण ६० बाइट, म्हणजे आठ तासांत २८,८०० ओळी आणि पावणेदोन एमबीच्या आसपास. एवढ्यासाठी मजकुराची फाइल उत्तम. सेकंदाला हजारो नमुने किंवा अनेक चॅनेल असतील तर टीडीएमएस (मोजमापांसाठीचा एनआयचा फाइल प्रकार) वापरा, पण एकेक आकडा न लिहिता गठ्ठ्याने लिहा, नाहीतर फाइल तुकड्यातुकड्यांची होऊन फुगते. तिच्या शेजारी पडलेली ‘टीडीएमएस_इंडेक्स’ फाइल पुसली गेली तरी घाबरू नका, ती पुन्हा तयार होते.

## ६. दोन लूप लागतात का?

सेकंदाला एक नोंद आणि फाइल त्याच संगणकावर असेल तर एका लूपने भागते. फाइल नेटवर्कवर जाणार असेल किंवा काटा ‘एसआयआर’ आज्ञेने सतत ओळी ओतत असेल, तर वाचणारा आणि लिहिणारा लूप वेगळे करा आणि मध्ये क्यू (नोंदींची रांग) ठेवा. नेटवर्क पाच सेकंद अडकले तरी वाचन थांबत नाही.

चूक होते ती बंद करताना. एकाच स्टॉप बटणाने दोन्ही लूप थांबवले आणि लगेच ‘रिलीज क्यू’ केले, तर क्यूत उरलेल्या नोंदी जातात आणि थांबलेला ‘डीक्यू’ ११२२ एरर देतो. वाचणाऱ्या लूपने शेवटी ‘संपले’ अशी खूण असलेले एक क्लस्टर क्यूत टाकावे. लिहिणारा लूप ती खूण हाती आली की थांबेल, मग फाइल बंद, मग क्यू मोकळा.

टूलबारवरचे लाल अबॉर्ट बटण यासाठी नाहीच. ते दाबले की लूपच्या उजवीकडचे काहीही चालत नाही. वापरणाऱ्याच्या हाती देताना व्हीआय प्रॉपर्टीजमधून ते लपवून टाका.

## ७. मोठ्या चाचणीआधी दहा मिनिटे

व्हीआय चालू ठेवून या क्रमाने करा:

1. पॅनवर बोट हलकेच टेकवा. स्थितीत ‘डी’ दिसला पाहिजे.
2. पॅन उचला. ‘−’ आणि नॅन.
3. काट्याच्या पल्ल्यापेक्षा किंचित जास्त वजन ठेवा. ‘+’ आणि नॅन.
4. एककाचे बटण दाबा. नोंदीवर खूण यावी.
5. केबल वीस सेकंद काढा आणि परत लावा. टाइमआउटच्या नोंदी वेळेसह दिसाव्यात आणि त्यानंतर वाचन आपणहून सुरू व्हावे.
6. स्टॉप दाबा, फाइल नोटपॅडमध्ये उघडा आणि ओळी मोजा. केलेल्या फेऱ्या आणि ओळी सारख्याच हव्यात. खराब वाचनालाही ओळ असते.

पाचव्या पायरीनंतर पहिल्या एक-दोन नोंदींत तुटकी ओळ दिसली तर दुसऱ्या टप्प्यातला फ्लश राहिला आहे. तिथे जा आणि ही सहाही पावले पहिल्यापासून करा.